अडक्याला तीन गुरू

आगर टाकळी आता नाशिक शहरातच मोडते. नंदिनी, जिला सगळं गाव नासर्डी म्हणतं, ती गोदावरीला मिळते तिथे रामदासांचा मठ आहे आणि मठात शेणाचा, म्हणजे गोमयाचा, मारुती आहे. परंपरा सांगते की जांबेच्या बोहल्यावरून निघालेला नारायण, म्हणजे पुढचे रामदास, पंचवटीत आला आणि साधारण 1620 ते 1632 अशी बारा वर्षं त्याने इथे काढली. पहाटेपासून दुपारपर्यंत संगमाच्या पाण्यात उभं राहून जप, मग पंचवटीत माधुकरी, मग वाचन. टाकळीची सगळ्यांत गाजलेली कथा मात्र या तपाची नाही, चमत्काराची आहे. नवऱ्याच्या प्रेताबरोबर सती निघालेल्या बाईने जपाला बसलेल्या साधूला नमस्कार केला, त्याच्या तोंडून सौभाग्याचा आशीर्वाद गेला आणि तिरडीवरचा नवरा उठून बसला. त्या जोडप्याचा पहिला मुलगा उद्धव हा पुढे टाकळीचा शिष्य झाला.

ही कथा नाशिकमध्ये भक्तिभावाने सांगितली जाते, आणि सांगावीही. पण ज्यांच्याविषयी ती सांगितली जाते, त्यांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणं लिहायला घेतली तेव्हा समासाची पहिलीच ओवी अशी घातली: 'जे करामती दाखविती । तेहि गुरु म्हणिजेती । परंतु सद्गुरु नव्हेती । मोक्षदाते ॥' त्याच समासात पुढे, जो शिष्याला साधनेला लावत नाही, इंद्रियांवर ताबा मिळवायला शिकवत नाही, त्याच्याबद्दल ते म्हणतात, 'ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे ॥' अडका म्हणजे जुन्या चलनातलं फुटकळ नाणं. एका अडक्याला तीन मिळत असले तरी घेऊ नका, टाकून द्या. हे कुणा नास्तिकाने लिहिलेलं नाही. ज्याने बारा वर्षं आपल्याच नदीत उभं राहून नाम घेतलं, त्याचा हा सल्ला आहे.

म्हणून गुरूची परीक्षा घेणं हा श्रद्धेचा अपमान आहे, असं कुणी सांगितलं की मला पहिल्यांदा ही ओवी आठवते. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवावं ते सांगताना तीन शब्द आले आहेत: प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. वाकावं, उलटसुलट विचारावं, सेवा करावी. प्रश्न मधोमध बसवला आहे, नमस्कार आणि सेवा यांच्यामध्ये. आज भोंदूच्या दरबारात पहिला आणि तिसरा शब्द शिल्लक आहेत आणि मधला गाळलेला आहे. तो कसा गाळला जातो, त्याची पायरीपायरीने चालणारी पद्धत आहे, आणि ती पद्धत माहीत असली की माणूस सावध होतो.

पहिली पायरी नेहमी फुकट असते. शेजारची मावशी किंवा कामावरचा सहकारी म्हणतो, नुसते येऊन बसा, काही द्यायचं नाही. दारात नाव, गाव, मोबाइल नंबर आणि 'अडचण' असा रकाना असलेला कागद भरून घेतात किंवा टोकन देतात. मग दोन-तीन तास रांग. त्या रांगेत आपल्यासारखाच एक भाविक शेजारी बसून चौकशी करतो: कुठून आलात, काय त्रास, घरी कोण कोण. बोलून मन मोकळं होतं, आणि बोललेलं आत पोचतं. कागद नसला तरी काम चालतं. चाळिशीच्या बाईला 'घरात तुमच्या कष्टाची कदर नाही', पंचविशीच्या मुलाला 'हाताशी आलेलं काम निसटतं', शेतकऱ्याला 'पैसा येतो पण टिकत नाही' असं म्हटलं तर चुकायची शक्यता किती? बाबा बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतात. मान हलली तर त्याच वाटेने पुढे, नाही हलली तर 'आत्ता नाही, पुढे कळेल'. पाच विधानांतलं एक नेमकं बसलं की तेवढंच घरी जाऊन सांगितलं जातं. बाकीची चार रिक्षात बसेपर्यंत विसरलेली असतात.

दुसरी पायरी सेवेची. चपला लावणं, भाजी चिरणं, पाणी वाटणं. यात वाईट काहीच नाही. एकट्या पडलेल्या माणसाला खरोखर बरं वाटतं, हे मान्य केल्याशिवाय लोक तिथे का टिकतात ते कळत नाही. मुलं पुण्याला किंवा परदेशी गेलेली, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दोघंच उरलेली, अशा घरात कुणी रोज सकाळी फोन करून 'ताई, आज येताय ना' विचारतं, ही छोटी गोष्ट नव्हे. तिसरी पायरी अनुभव सांगण्याची. हातात माईक देतात. शंभर लोकांसमोर 'मला गुण आला' असं एकदा बोललं की ते मागे घेणं म्हणजे स्वतःला खोटं पाडणं. इथून पुढे तो माणूस बाबांना सोडू शकत नाही, कारण आता त्याला स्वतःचा शब्द सांभाळायचा असतो. चौथ्या पायरीवर तुटणं सुरू होतं. शंका घेणाऱ्या नवऱ्याला 'नकारात्मक' ठरवतात, बहिणीकडचं जेवण टाळायला सांगतात, मंत्र गुप्त ठेवायला सांगतात. पैसा, जमीन, शरीर यांच्या मागण्या त्यानंतर येतात, आणि तोवर घरात विचारायला कुणी राहिलेलं नसतं.

अनुभवांचा हिशेब कसा फसवतो, ते साध्या गणिताने पाहता येतं. समजा, एखाद्या बाबांनी 1000 गर्भवती बायकांना 'मुलगा होईल' असा प्रसाद दिला. निसर्गतःच मुलग्यांचे जन्म मुलींपेक्षा किंचित जास्त, 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे. म्हणजे काहीही न करता 510 घरांत बाबा खरे ठरतात. ही घरं पेढे घेऊन येतात, माईकवर बोलतात, आणखी चार जणींना आणतात. उरलेल्या 490 घरांतली बाई गप्प बसते, कारण तिला सांगितलेलं असतं की तुझी श्रद्धा कमी पडली, नाहीतर नियम मोडला असशील. दरबारात बसलेल्याला फक्त 510 दिसतात. तुकोबांनी हे चारशे वर्षांपूर्वी एका ओळीत संपवलं होतं: 'नवसें कन्या पुत्र होती । तरि कां करणें लागे पती ॥' आणि मुलगी नको म्हणून प्रसाद मागायचा, या मागणीतच जे पाप आहे, त्याबद्दल बाबांना नंतर विचारू, आधी आपण आपल्याला विचारलेलं बरं.

चमत्कारांवर फार वेळ घालवू नये असं मला वाटतं, पण दोन-चार माहीत असावेत. न पेटवता पेटणाऱ्या होमात पोटॅशियम परमँगनेटची पूड असते आणि वरून सोडलेलं 'तूप' म्हणजे ग्लिसरीन असतं. पेट घ्यायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ मंत्र म्हटला जातो. लिंबातून रक्त निघतं तेव्हा सुरीच्या पात्याला जास्वंदीची फुलं चोळून वाळवलेली असतात, लिंबाच्या आंबटपणाने तो रस लाल होतो. हातातून निघणारी विभूती ही राख आणि भाताची पेज यांची वाळवलेली गोळी असते, ती बोटांच्या बेचक्यात धरतात आणि चुरतात. कावीळ 'उतरवताना' चुन्याच्या पाण्यात हात पिवळे होतात, कारण हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध प्यायला, त्यात तर फसवणारा कुणीच नव्हता. चमचा मूर्तीला टेकला की पृष्ठताणामुळे दूध दगडावर ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं; पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. त्या दिवशी रांगेत उभे राहिलेले लोक मूर्ख नव्हते. त्यांनी मूर्तीचा पाय पुसून पाहिला नाही, एवढंच झालं.

काविळीचं उदाहरण मात्र थोडं थांबून पाहावं लागेल, कारण तिथून खरा धोका सुरू होतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत विश्रांतीने आपोआप बरी होते. त्या काळात माळ घातली तर श्रेय माळेला जातं. ती माळ रोज लांब होते म्हणतात; ओल्या काड्या वाळून आकसतात आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, म्हणून ती खाली उतरते. इथपर्यंत नुकसान कमी. पण हीच खात्री घेऊन माणूस सापाच्या विषाकडे जातो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश जवळपास दुखत नाही, खूण नीट दिसत नाही. पहिले काही तास माणूस बरा दिसतो, मंत्र म्हटला जातो, सगळे निश्चिंत होतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही, म्हणून मांत्रिकाच्या खात्यात बरे झालेले रोगी भरपूर असतात. त्याचा त्यात खोटेपणा असेलच असंही नाही. त्याला स्वतःला ते खरं वाटत असतं. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष शरीरात गेलं असेल तर उतारा एकच, सापाच्या विषावरची लस, आणि तिची सुरुवातच साधारण 10 कुप्यांनी करतात. 108 ला फोन, चावलेला हात किंवा पाय न हलवता बांबूच्या कामटीने आधार, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. देवाचं नाव गाडीत बसूनही घेता येतं.

शहरातली चूक वेगळ्या तोंडवळ्याची असते. सिडकोत किंवा इंदिरानगरात कुणी साप चावून बाबांकडे जात नाही. तिथे गोळ्या बंद होतात. 'श्रद्धा आहे ना, मग औषध कशाला?' या एका वाक्याने इन्सुलिन थांबतं. ज्या लहान मुलाचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, त्याचा जीव त्याने काही दिवसांत जातो. फिट्सच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिटवर फिट येते, आणि मग तेच 'बाहेरचं' असल्याचा पुरावा ठरतं. गुडघेदुखीवर मिळणारी नाव नसलेली पुडी चार दिवसांत चमत्कार करत असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर प्रकृती एकदम ढासळू शकते. म्हणून अशी पुडी घेतलेल्या माणसाने ती डॉक्टरला दाखवूनच सोडावी.

निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला माल परदेशी पाठवताना काय काय पाहतो? मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, गोडी ब्रिक्समध्ये, फवारलेल्या औषधाचा उरलेला अंश प्रयोगशाळेच्या अहवालात. अहवाल आल्याशिवाय कंटेनर हलत नाही, आणि यात व्यापाऱ्याचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही. तोच माणूस देवाच्या नावाने पुढे केलेल्या स्टँपपेपरवर न वाचता सही करतो, हे पाहून जीव तुटतो. निदान एवढं माहीत असावं: मृत्युपत्र मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकाकडे नोंदलं गेलं, की मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात दिलासा आहे, पण तो मिळवायचा तर 'माझा सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहे' हे शब्द दस्तातच असलेले बरे. जमीन द्यायचीच असेल तर ती कुणाच्या नावावर जाते ते बघा. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. बाबांच्या पुतण्याच्या नावावर गेलेली जमीन दुसऱ्या दिवशी प्लॉट पाडून विकता येते. न्यास खरा आहे का, हे धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट 1 चा उतारा काढला की कळतं: विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती. सगळे विश्वस्त एकाच घरातले निघाले तर सहीचा पेन खिशात ठेवावा. पावतीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि पॅन पाहिजे. 2000 रुपयांवरची रोख देणगी आयकराच्या सवलतीत धरलीच जात नाही. म्हणजे प्रामाणिक संस्थेला चेक किंवा यूपीआय घ्यायला अडचण नसते; 'गुप्तदान रोखच हवं' हा आग्रह कुणाच्या सोयीचा, ते ओळखता येतं.

कायद्याबद्दल गैरसमज फार. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा केला. हा कायदा देवाच्या विरुद्ध आहे असं दरबारातून सांगितलं जातं. तो वाचला तर दिसतं की यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, घरातली पूजा, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा, इतकंच काय ज्योतिष आणि वास्तूचा सल्लासुद्धा त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. टाकळीची कथा सांगायला कुणाची आडकाठी नाही. गुन्हा ठरणाऱ्या बारा बाबी त्याच्या अनुसूचीत आहेत, त्यांतल्या काही: भूत उतरवण्याच्या नावाने साखळीने बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी, चमत्कार दाखवून पैसे उकळणं, एखादीला करणी करणारी ठरवणं, कुत्रा, साप, विंचू चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देणं, गर्भातल्या बाळाचं लिंग बदलण्याचा दावा, मूल होण्याचं आश्वासन देऊन किंवा 'गेल्या जन्मी तू माझी पत्नी होतीस' असं सांगून बाईचा उपभोग घेणं. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे पोलीस ठाण्यात 'हे तुमचं घरचं धार्मिक प्रकरण' म्हणून परत पाठवता येत नाही.

या सगळ्यात एकान्ताची मागणी सर्वांत स्पष्ट खूण आहे असं मी मानते. औषधाच्या बाबतीत चूक भोळेपणाने होऊ शकते, पैशाच्या बाबतीत व्यवहार न कळल्याने. पण एकट्या बाईला बंद खोलीत बोलावणं आणि 'हे घरी सांगायचं नाही' म्हणणं, याला भोळेपणाचं कारण देता येत नाही. जी साधना नवऱ्यासमोर, सासूसमोर, पोटच्या मुलीसमोर करता येत नाही ती साधना नव्हे. ज्या घरात हे घडलं, त्या घरातल्या बाईला 'तू गेलीसच कशाला' हा प्रश्न विचारू नये. ती का गेली ते वर चार पायऱ्यांत लिहिलं आहे.

नाशिकला गर्दीच्या भक्तीची किंमतही माहीत आहे. 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली, 39 माणसं गेली. साधूने उधळलेली नाणी उचलायला लोक वाकले, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. सिंहस्थ पुन्हा 2027 ला येतो आहे. साधुग्राममध्ये खरे तपस्वी येतील आणि त्यांच्या शेजारच्या तंबूत दुसरे. स्नानाला जावं. नाणं पडलं तर वाकू नये.

आणि याच शहरात श्रद्धेबद्दल स्वतःचा विचार कसा करतात याचं सर्वांत मोठं उदाहरणही आहे. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिककर सहकाऱ्यांनी पुढची काही वर्षं तो लावून धरला. दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला. मधे 21 वर्षं आहेत. एवढ्या वर्षांत त्यांनी धर्माधर्मांची पारख केली, अभ्यासकांशी आणि धर्मगुरूंशी चर्चा केली, वाचलं, लिहिलं. त्यांच्या निष्कर्षाशी कुणाचं जमो न जमो, धर्म निवडायला माणूस एकवीस वर्षं घेतो, ही गोष्ट रांगेतल्या पहिल्याच तासात 'माझं सर्वस्व महाराज' म्हणणाऱ्याने मनाशी धरावी.

घरातलं कुणी अशा दरबारात गुंतलं असेल तर वाद घालून ते माणूस परत येत नाही. फोटो काढून टाकले, बाबांना शिवी दिली, की दरबाराने आधीच केलेलं भाकीत खरं ठरतं: बघ, घरचे तुझ्या साधनेच्या आड येतात. त्याऐवजी प्रश्न त्यांच्याच तोंडून वर जाऊ द्यावा. 'आई, तुम्हीच एकदा महाराजांना विचाराल का, गोळी बंद केल्यावर साखर 300 झाली तर काय करायचं?' 'अण्णा, दिलेल्या पैशाची पावती मागून आणता का, आयकराला लागेल.' खऱ्या साधूला या प्रश्नाचा राग येत नाही. तो म्हणेल, गोळी घ्या, पावती उद्या घेऊन जा. दुसरा चिडेल, भर सभेत पाणउतारा करेल, किंवा शाप देईल. ते चिडणं आईने स्वतः पाहिलेलं असतं, सुनेने सांगितलेलं नसतं. घरात एक वही ठेवावी: तारीख, काय सांगितलं, किती दिले, काय झालं. फळलेलं आणि न फळलेलं दोन्ही लिहायचं. सहा महिन्यांनी वही आपण उघडू नये, त्यांना उघडू द्यावी. आणि सकाळचा तो फोन, 'येताय ना' विचारणारा, तो आता आपण करायला लागावं. माणूस बाहेर पडायचा तर त्याला जायला जागा लागते.

नामाची, जपाची, वारीची सवय सोडायला सांगू नये. तिथे एखाद्याचं खरं काही असतं.

टाकळीला बारा वर्षं झाल्यावर रामदास तीर्थाटनाला निघाले तेव्हा उद्धव लहान होता आणि मागे राहायला तयार नव्हता, असं सांगतात. त्यांनी गोमयाचा मारुती घडवून त्याच्यासमोर ठेवला, रोजची उपासना सांगितली आणि काठाकाठाने चालायला लागले. गुरू गेला, मुलगा आणि मारुती राहिले. नासर्डीला पूर आला की अजूनही त्या बाजूला पाणी चढतं.